पाण्याला वारा घालणारे

झाशीच्या सदर बाजारात, छावणीच्या हद्दीला लागून असलेल्या एका दुमजली घराच्या माडीवर आमचे बिऱ्हाड आहे. दोन खोल्या, एक गच्ची, चार माणसे आणि पाच मत्स्यपेट्या. केंद्र सरकारच्या कचेरीत दिवसभर आवक-जावक नोंदविणाऱ्या कारकुनास सायंकाळी असे काहीतरी हवे असते, की ज्यावर शेरा लिहावा लागत नाही आणि जे उलट टपाली उत्तर मागत नाही. मासे ह्या कसोटीस उतरतात. परंतु मासे मुके असले तरी त्यांचे यंत्र मुके नसते. पाच पेट्यांना पाच हवापंप होते आणि पाचही एका लाकडी फळीवर बसून अहोरात्र गुणगुणत. दिवसा खालच्या रस्त्यावरील रिक्षांत आणि चाटवाल्यांच्या तव्यांत ती गुणगुण विरून जाई. रात्री अकरानंतर मात्र सारे घर तिच्या ताब्यात जाई.

मातोश्रींचे अंथरूण त्याच खोलीत. तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. एके दिवशी पूजा आटोपून नैवेद्याची वाटी उचलताना त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, माशांना पाणी लागतं हे कळतं. पण पाण्याला वारा घालावा लागतो, हे कुठलं शास्त्र?”

आम्ही आवाज न करणारा पंप घ्यावयाचे ठरविले, आणि पंपाची चौकशी करता करता मातोश्रींच्या प्रश्नाच्याच इतिहासात शिरलो. पंप मिळावयास आठ महिने लागले. त्या अवधीत जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात लंडन आहे, झाशी आहे, आणि गेल्या जून महिन्यातील एक रात्र आहे.

प्रथम शास्त्र. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात, २० अंश उष्णतेला, तो जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो. ३० अंशांना साडेसात, आणि ३५ अंशांना ७ च्याही किंचित खाली. म्हणजे झाशीच्या उन्हाळ्यात माशाची भूक वाढते, श्वास वाढतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याची शिधापत्रिका आखडते. तलावाला ह्याची काळजी नसते. त्याचा पृष्ठभाग विस्तीर्ण, त्यावर वारा वाहतो, पाऊस पडतो, म्हशी डुंबतात.  काचेच्या पेटीचे मात्र तोंड लहान आणि पोट खोल. वारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पाणी हलवावे लागते. बुडबुड्यांतून हवा पाण्यात शिरते असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नव्हे. परंतु बुडबुडे वर जाताना तळचे पाणी पृष्ठभागावर आणतात आणि तेथे ते हवेला भेटते, हाच त्यांचा मोठा उपयोग. वरून धार धरली तरी तेच काम होते. वाचकांनी ही धारेची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती दोनदा येणार आहे.

हवापंप हे यंत्र आरंभी ह्या कामाचे नव्हतेच, उलट कामाचे होते. सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ओटो फॉन गेरिक ह्याने आणि त्यामागून इंग्लंडात रॉबर्ट बॉइल ह्याने जे पंप बनविले, ते भांड्यातील हवा काढून घेण्यासाठी. काचेच्या हंडीत पाखरू ठेवावयाचे, हवा उपसावयाची, आणि ते कसे तडफडते हे जमलेल्या मंडळींनी पाहावयाचे, असे त्याचे प्रयोग पुढे शंभर वर्षे चालले. जोसेफ राइट ह्या चित्रकाराने १७६८ साली अशा एका प्रयोगाचे प्रसिद्ध चित्र काढले आहे. जीव घेणारे यंत्र जीव जगविण्यास लागावे, ह्याला आणखी एक शतक जावे लागले.

माशांची हौस मात्र आपल्याकडे पुरातन. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंद ज्या ग्रंथामुळे आपणांस मिळते, तोच हा ग्रंथ. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना काय चारावे आणि गळाने कसे धरावे ह्याचे त्यात वर्णन आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. सोमेश्वराचे मासे वाहत्या आणि उघड्या पाण्यातले, म्हणून त्यांना वारा घालण्याचा प्रश्न त्याला पडला नाही. राजाच्या अंगावर चवरी ढाळणारे सेवक होते, एवढेच.

हा प्रश्न ज्यांना प्रथम पडला त्यांत एक बाई होत्या. अ‍ॅना थिन हे त्यांचे नाव. पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील मोठे धर्माधिकारी. १८४६ साली ह्या बाई डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्के येथे गेल्या असता त्यांनी जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते घरी न्यावयाचे ठरविले. समुद्राचे पाणी भरलेल्या बरणीतून प्रवाळ लंडनला आले. समुद्र काही आला नाही. पाणी दररोज ताजे मिळणे अशक्य; तेव्हा आहे तेच पाणी ताजे राखावे कसे? बाईंनी युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावयाचे, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. अर्धा-पाऊण तास, आणि हे नित्यनेमाने. पुढे १८४७ साली त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही घातल्या. प्रवाळ वर्षानुवर्षे जगले, त्यांना पिलावळ झाली, आणि १८५९ साली हा सारा वृत्तान्त एका विख्यात शास्त्रीय मासिकात छापून आला.

ओतण्याचे काम बाई करीत नव्हत्या. ते त्यांच्या मोलकरणीकडे होते. तिने किती हंडे पाणी खालीवर केले असेल ह्याचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडून पाहिला आणि मग तो कागद फाडून टाकला. मत्स्यपेटीच्या इतिहासात पाण्याला वारा घालणारा पहिला पंप हा असा दोन हातांचा होता. बाईंचे नाव आज प्रत्येक पुस्तकात आहे. त्या हातांच्या मालकिणीचे नाव आम्ही जे जे वाचले त्यात कोठे आढळले नाही.

हे हात अनावश्यक ठरविले रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने. प्रीस्टली ह्याने १७७० नंतरच्या काही वर्षांत वनस्पती दूषित हवा शुद्ध करतात हे दाखविले होते; त्याला सूर्यप्रकाश लागतो हे इंगेनहाउझ ह्याने १७७९ साली सिद्ध केले. ही दोन सत्ये वॉरिंग्टनने पाण्यात आणली. १८४९ साली त्याने बारा गॅलन पाणी मावेल अशा एका काचपात्रात, तेही अर्धेच भरून, दोन लहान सोनमासे सोडले आणि तळाच्या वाळूचिखलात व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती लावली. पाती कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती सड खाण्यासाठी गोगलगाई घातल्या. पाणी निवळले. मासे वनस्पतीला जगवितात, वनस्पती माशांना जगविते आणि गोगलगाय दोघांची घाण काढते, असा तो संसार. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पंप नाही, मोलकरीण नाही, आवाजही नाही.

बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. आमची दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी जवळजवळ तेवढीच. वॉरिंग्टनने अर्ध्या पात्रात दोन मासे ठेवले. आम्ही पूर्ण भरलेल्या पेटीत अठरा ठेवले होते. हा आकडा लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण इतिहास लिहावयाचा तर तो लिहिलाच पाहिजे. आमच्या घरातील गुणगुण पंपाची नव्हती. ती आठाऐवजी अठराच्या आमच्या हव्यासाची होती.

येथून दोन-तीन वर्षे लंडन आणि झाशी ह्या दोन गावांत इतिहास मोठ्या चमत्कारिक रीतीने एकाच वेळी घडतो. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि काचेआडचे मासे पाहण्यासाठी झुंबड उडाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, २१ तारखेला, झाशीचे महाराज गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. लक्ष्मी तालाच्या काठी त्यांची छत्री आजही उभी आहे. १८५४ साली फिलिप गॉस ह्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि इंग्रज मध्यमवर्गाला काचपेटीचे वेड लागले. त्याच १८५४ साली डलहौसीने दत्तकविधान नामंजूर करून झाशी खालसा केली. एका गावात बैठकीच्या खोलीत समुद्राचा तुकडा आणून ठेवीत होते, दुसऱ्या गावात राज्याचा तुकडा पोतडीत घालीत होते. दोन्ही कामे एकाच जातीची माणसे करीत होती. दोहोंत कार्यकारणभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. तारखा तेवढ्या शेजारी मांडतो. गॉसच्या पुस्तकानंतर हौशी लोकांनी इंग्लंडचे किनारे खरवडून रिकामे केले. ह्याबद्दल गॉसच्या मुलाने आपल्या आठवणींत हळहळ व्यक्त केली आहे. ते पुस्तक छापले गेले १९०७ साली, आणि आपल्या विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’, ज्यात झाशीच्या वेढ्याची डोळ्यांदेखतची हकीकत आहे, तोही १९०७ सालीच. असो.

गॉसच्या वेडाला धंद्याचे रूप दिले विल्यम अल्फर्ड लॉइड ह्याने. हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा गरीब कारागीर. मासे पाळण्याच्या नादाने पुढे हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचा (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयाचा (१८७१) तो कर्ताधर्ता झाला. त्याला वॉरिंग्टनचा दोन माशांचा संसार पुरणार नव्हता. तिकीट काढून येणाऱ्यांना मासे भरपूर दिसले पाहिजेत. म्हणून त्याने जमिनीखाली अंधारात पेट्यांहून कितीतरी मोठा हौद बांधला आणि वाफेच्या यंत्राने पाणी दिवसरात्र खालीवर फिरते ठेवले. अ‍ॅना थिनच्या मोलकरणीचे काम आता कोळसा करू लागला. मोठ्या मत्स्यालयांतील पाण्याची व्यवस्था पुढे बहुतेक ह्याच वाटेने गेली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना काचेआडचा समुद्र प्रथम दिसला. आम्ही झाशीत जन्मलो. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि घराणे इकडलेच झाले. तरी आमच्या हौसेचे मूळही, सातव्या वर्षी काकांबरोबर पाहिलेल्या त्याच इमारतीत आहे.

लंडनच्या मोलकरणीच्या गोष्टीने आम्हांस ज्याची आठवण करून दिली, तो मनुष्य मात्र सदर बाजारातलाच होता. तो म्हणजे पंखेवाला.

सदर बाजार हे नाव देशातील अनेक छावण्यांत आढळते. छावणीतील पलटणीला दाणागोटा, कापड, शिंपी, न्हावी, धोबी पुरविण्यासाठी वसविलेली ही पेठ. जुनी झाशी कोटाच्या आत, किल्ल्याच्या सावलीत. सदर बाजार छावणीच्या चाकरीला. १८६१ नंतर शहर आणि किल्ला शिंद्यांकडे गेले, १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार ह्यांच्या बदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. पण ह्या उलाढालीत छावणी इंग्रजांचीच राहिली. आणि बुंदेलखंडाचा उन्हाळा काय करतो हे इंग्रजांनी १८५८ च्या मे महिन्यात पुरते अनुभवले होते. झाशी घेऊन काल्पीकडे निघालेल्या सर ह्यू रोजच्या फौजेत कोंचच्या लढाईच्या वेळी गोरे शिपाई गोळीपेक्षा उन्हानेच अधिक पडले. खुद्द रोजला उन्हाचा झटका आला. तेव्हापासून बराकीत पंखा हवा, ही चैन नसून गरज ठरली.

पंखा म्हणजे छताला टांगलेली लांब चौकट, तिला कापडाची झालर. तिची दोरी भिंतीतील भोकातून, कप्पीवरून, बाहेरच्या पडवीत जाई. तेथे बसलेला मनुष्य ती ओढी; हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधी. आतल्याला वारा लागावा, पण वारा घालणारा दिसू नये आणि ऐकूही येऊ नये, अशी ती योजना होती. कप्पी कुरकुरली तर तेल घालीत. मनुष्याला डुलकी लागली तर लाथ घालीत. ही अलंकारिक भाषा नव्हे. पंखा थांबल्याने जागा झालेल्या गोऱ्या शिपायाच्या किंवा साहेबाच्या मारहाणीत पंखेवाले मेल्याचे खटले त्या काळच्या कागदपत्रांत आहेत. हिवतापाने मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती, ती किरकोळ धक्क्याने फुटली, असा बचाव अशा खटल्यांत वारंवार होई, आणि आरोपी थोडक्या शिक्षेवर किंवा दंडावर सुटे. पुढे विजेचा पंखा आला आणि दोरी ओढणारे पडवीतून नाहीसे झाले. नावे त्यांचीही गेली.

आता आपण आमच्या फळीवरील पाच गुणगुणणाऱ्या डब्यांकडे वळू. घरगुती हवापंपाची रचना सोपी आहे. विजेचे एक वेटोळे, त्यापुढे पट्टीच्या टोकाला बसविलेले लोहचुंबक, पट्टीला जोडलेला रबरी पडदा आणि दोन लहान झडपा. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा पालटून पुन्हा मूळपदी येते. चुंबक तितक्याच वेळा इकडून तिकडे झुलते, पडदा आत-बाहेर होतो आणि हवा नळीत ढकलली जाते. गुणगुण ती हीच. म्हणजे ‘आवाज न करणारा पंप’ हा शब्दप्रयोगच फसवा. पंप म्हणजे थरथर. ती थरथर फळीला, भिंतीला, डब्याच्या पत्र्याला पोचू द्यावयाची की नाही, एवढेच आपल्या हाती. ज्या दुकानदाराकडे आम्ही प्रथम गेलो त्याने हेच तत्त्व आपल्या भाषेत सांगितले : “बाबूजी, जब तक चलेगा, तब तक बोलेगा.”

आम्ही त्याचे न ऐकता आठ महिने तीन-चार प्रकार पारखले. स्वस्त पंप नवे असताना बरे असतात. झाशीच्या उन्हाने त्यांचा रबरी पडदा वर्षा-दोन वर्षांत कडक होतो आणि मग तो खडखडतो. दगडी बुडबुड्याची छिद्रे शेवाळाने बुजली की पंपाला जोर करावा लागतो आणि आवाज चढतो. पुष्कळदा दोष पंपाचा नसून त्या दहा रुपयांच्या दगडाचा असतो. पंप फळीवर न ठेवता दोरीने टांगला किंवा जाड स्पंजावर ठेवला, तर निम्मी गुणगुण तेथेच मरते. दुसरा प्रकार मोठ्या पंपांचा. त्यातला दट्ट्या चुंबकाच्या ओढीने सरळ रेषेत पुढेमागे होतो. ह्याच घराण्यातील पडद्याचे पंप जपानात घरोघरच्या सांडपाण्याच्या टाक्यांना हवा देतात. असा एक पंप पाच काय, वीस पेट्यांना पुरतो. मोठी नळी भिंतीने फिरवावयाची, तिला पितळी तोट्या बसवावयाच्या आणि प्रत्येक तोटीतून एका पेटीला हवा सोडावयाची. हवा नेहमी उथळ पाण्याकडे पळते, म्हणून तोट्यांशिवाय सारी हवा एकाच पेटीत जाते आणि बाकीच्या पेट्या कोरड्या राहतात. कचेरीतील अनुदानाचेही असेच होते.

एक मोठा पंप पाच लहानांपेक्षा शांत असतोच असे नाही. ध्वनीचे गणित विचित्र आहे. पाच सारखे आवाज एकत्र केले तर मोजमाप ७ डेसिबलने चढते, आणि १० डेसिबल चढले तेव्हा कुठे कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे पाच पंपांचा गोंगाट एकाच्या दुप्पटही नव्हे. मोठ्या पंपाचा खरा फायदा निराळा : तो दूर ठेवता येतो. जिन्याच्या कोनाड्यात, कपाटाआड, दाराबाहेर कोठेही. पंखेवाल्याला पडवीत बसवीत, तसे. ही उपमा सुचली तेव्हा आमच्या मनातला मोठ्या पंपाविषयीचा उत्साह काहीसा मावळला, हे कबूल करतो. तथापि लोखंडाला प्लीहा नसते, असे म्हणून आम्ही पैसे साठवू लागलो.

इतक्यात जून आला.

त्या रात्री दीडच्या सुमारास सदर बाजाराच्या आमच्या बाजूची वीज गेली. आम्ही, सौ. आणि मुलगा गच्चीवर होतो; आम्हांस काहीच कळले नाही. कळले ते मातोश्रींना. पाच पंपांची गुणगुण थांबली आणि त्या जाग्या झाल्या. सहा महिने ज्या आवाजाने त्यांना झोप लागत नव्हती, त्याच्या थांबण्याने त्या उठून बसल्या, चाचपडत जिन्यापर्यंत आल्या आणि त्यांनी हाक मारली. खाली येऊन पाहतो तो खोली भट्टीसारखी तापलेली, आणि पाचही पेट्यांत मासे पृष्ठभागाशी तोंड लावून आ वासत होते. पाती रात्रीच्या वेळी स्वतःच प्राणवायू खातात. वॉरिंग्टनचा संसार दिवसा चालतो. एका पेटीतला लढाऊ मासा तेवढा निवांत होता. त्याला हवेतून थेट श्वास घेण्याचे इंद्रिय असते.

ह्यापुढे जे घडले ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहिला, असे म्हटले तरी चालेल. आम्ही मोबाइल उघडून बॅटरीवर चालणाऱ्या पंपांची तुलना वाचू लागलो. कोणता किती तास चालतो, कोणाचा आवाज किती, किंमत काय. रात्री दोन वाजता. सौ.ने मुलाला पाठीशी घालून मेणबत्ती लावली. आणि मातोश्रींनी देवघरातला तांब्या घेतला, मोठ्या पेटीत बुडविला, हात डोक्याइतका उंच केला आणि धार धरली. पुन्हा बुडविला, पुन्हा धार. त्यांनी ‘मानसोल्लास’ वाचलेला नाही, अ‍ॅना थिन कोण हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी फक्त उकळलेले दूध निववितात तसे पाणी निवविले. थोड्या वेळाने सौ. दुसऱ्या पेटीशी उभी राहिली. आम्ही मान वर केली तेव्हा त्या दोघी मेणबत्तीच्या उजेडात आळीपाळीने हात उचलत होत्या आणि खोलीत पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज होता. वाचलेला सारा इतिहास त्या क्षणी आमच्या पुढ्यात उभा राहिला, आणि त्यात आमची जागा कोणती हेही कळले. आम्ही मोबाइल ठेवला आणि पातेले घेतले. फार उशिरा घेतले.

वीज पहाटे साडेपाचला आली. ज्या तीन पेट्यांवर आमचे हात पोचले, त्यांतील बहुतेक मासे जगले. कोपऱ्यातल्या दोन पेट्यांत सव्वीस मेले. पुढले आठ दिवस मातोश्रींना उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. देवाला फूल वाहताना त्या डाव्या हाताने उजव्याला आधार देत. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे जे होते ते क्षमा मागण्याचे होते, आणि आमच्या घरात क्षमा मागण्याची रीत नाही.

जुलैत आम्ही दोन पेट्या एका परिचित गृहस्थांना देऊन टाकल्या. उरलेल्या तिहींत मिळून एकवीस मासे ठेवले आणि भरपूर व्हॅलिस्नेरिया लावली. पंप मोठ्या जातीचा न घेता मध्यम, दोन तोंडांचा घेतला. त्याबरोबर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एक लहान. मोठा एकच पंप घेतला की तो थांबल्यावर सारेच थांबते, हे आम्ही एका रात्रीत शिकलो होतो. नवा पंप जिन्याच्या कोनाड्यात, पाण्याच्या पातळीच्या वर टांगला आहे. खाली टांगला तर बंद पडल्यावर पाणी उलट नळीतून त्याच्यात उतरते, किंवा मग एकमार्गी झडप बसवावी लागते. कोनाडा देवघरापासून दूर निवडला, कारण पंप आसपास जी हवा असेल तीच पाण्यात घालतो, मग तो उदबत्तीचा धूर का असेना. दार लावले की त्याचा आवाज खोलीत येत नाही.

पहिल्या रात्री मातोश्री दोनदा उठून पाहून आल्या. दुसऱ्या रात्री तीनदा. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आता चालू आहे की बंद, कळायचं कसं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पंपाच्या माहितीपत्रकात आम्हांस मिळाले नाही. शेवटी त्यांच्या अंथरुणाजवळच्या पेटीतला बारीक छिद्रांचा दगड काढून टाकला आणि नळीचे उघडे तोंड तसेच पाण्यात सोडले. आता तिच्यातून मोठाले, ओबडधोबड बुडबुडे वर येतात आणि पृष्ठभागावर फुटताना बुडबुड वाजतात. शास्त्रदृष्ट्या बारीक बुडबुडे अधिक चांगले. पण ही बुडबुड ऐकत त्यांना झोप लागते. तांब्या मात्र त्यांनी देवघरात परत नेलेला नाही. तो मोठ्या पेटीच्या झाकणावर पालथा असतो. आम्ही तो एकदा उचलून आमच्या उशाशी ठेवला. सकाळी तो पुन्हा झाकणावर होता.